बुलडॉगला धाप का लागते?

लातूर-सोलापूरकडील कारवान कुत्रा पाहा. लांब तोंड, खोल छाती, बारीक कंबर. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली, म्हणून त्याला मुधोळ हाउंड असेही म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. सशामागे धावणे हे त्याचे काम. धावण्यात जे कुत्रे सरस, त्यांचीच पिल्ले लोक राखत. अशा निवडीने त्याचे शरीर कामाला साजेसे घडले.

बुलडॉगही कामासाठीच घडला. इंग्लंडात बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ चाले. बैलाचे नाक धरून न सोडणारा, दणकट जबड्याचा कुत्रा त्यासाठी निवडला जाई. १८३५ साली कायद्याने हा खेळ बंद झाला. पुढे, १८५९ पासून, तेथे श्वानप्रदर्शने भरू लागली. आता कसोटी बैलाची नव्हती, परीक्षकाच्या नजरेची होती. डोके अधिक मोठे व तोंड अधिक चपटे होत गेले.

तोंडाचे हाड आखूड झाले. टाळूचा मऊ भाग मात्र त्या प्रमाणात आखूड झाला नाही. तो श्वासाच्या वाटेत येतो. नाकपुड्याही अरुंद असतात. बारीक नळीतून संथ प्रवाह वाहत असताना, दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. नाकातील हवेचा प्रवाह इतका साधा नसतो. तरी थोड्या अरुंदपणाने केवढा फरक पडतो, हे यावरून कळेल.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तेव्हा जीभ व घसा यांवरील पाण्याची वाफ होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते. हवा नीट खेळली नाही, तर ही उष्णता आतच राहते. आमच्या रत्नागिरीत मे महिन्यात हवेतच बाष्प भरपूर असते, त्यामुळे बाष्पीभवन आणखी मंदावते. अशा हवेत बुलडॉगच्या जिवावर बेतू शकते.

मग मोकळ्या नाकाचे बुलडॉग निवडून ही जात सुधारता येईल का? निवडीसाठी आधी विविधता हवी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जातीत जनुकीय विविधता फारच थोडी उरल्याचे आढळले. म्हणून पिल्लू घेताना केवळ रूप पाहू नका. त्याला श्वास मोकळेपणी घेता येतो का, हे आधी पाहा.