चुंबकत्व थरातलं की चिमट्यातलं?

ऑक्साइडच्या पातळ थरांकडे चुंबकशास्त्राचं लक्ष नव्याने गेलं ते 1990च्या दशकात. 1994 साली बेल लॅब्जमध्ये सुंगहो जिन आणि सहकाऱ्यांनी लँथॅनम-कॅल्शियम-मँगॅनीज ऑक्साइडचा थर 77 केल्विनला 6 टेस्लाच्या चुंबकी क्षेत्रात ठेवला, आणि त्याचा विद्युतरोध हजार पटींहून जास्त घसरला. थराचं चुंबकत्व आलं कुठून, असा प्रश्न तिथे नव्हता. मँगॅनीज थरात सगळीकडे होतं.

खरी पंचाईत पुढच्या दशकातली.

2000 मध्ये डीटल आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं, की झिंक ऑक्साइडमध्ये थोडं मँगॅनीज आणि भरपूर धन-वाहक घातले तर तो खोलीच्या तापमानालाही लोहचुंबक राहावा. पुढच्याच वर्षी जपानी गटाने कोबाल्ट मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा तसा पारदर्शक थर दाखवला. मग झुंबड उडाली. लेसरच्या झोताने पदार्थाची वाफ उडवून तापलेल्या स्फटिकावर बसवायची, ही रीत एव्हाना बऱ्याच प्रयोगशाळांच्या हाती आली होती. 2003 मध्ये मेरिलंड विद्यापीठातून कोबाल्ट मिसळलेल्या टिन ऑक्साइडची बातमी आली. त्या निबंधाचे एक लेखक सतीशचंद्र ओगले आधी पुणे विद्यापीठात शिकवत. चुंबकत्व कोबाल्टच्या दर अणूमागे सुमारे 7.5 बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक)! कोबाल्ट धातूत तो आकडा 1.7च्या आसपास असतो. भुवया उंचावायला एवढं पुरेसं होतं.

त्यावर कडी केली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने. 2004 मधल्या त्यांच्या हॅफ्नियम ऑक्साइडच्या थरात तर एकही चुंबकी मूलद्रव्य मिसळलेलं नव्हतं.

2005 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी असेच थर तपासले, तर चुंबकत्वाचा मागमूस नाही. मात्र स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने नमुना धरला की अगदी तसाच संकेत उमटे. पाच मिलिमीटर बाजूच्या, 100 नॅनोमीटर जाडीच्या अशा थराचं वजन पंचवीसेक मायक्रोग्रॅम. त्यापुढे चिमट्याने घासून गेलेला लोखंडाचा कणभर अंशही भारी पडतो.

सगळाच दोष चिमट्याचा नव्हे. 2004 मध्ये मेरिलंडच्याच गटाला, ऑक्सिजन फार कमी असलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरांत कोबाल्टचे नॅनोमीटर आकाराचे पुंजके सापडले होते. त्याच नमुन्यांत असाधारण हॉल परिणामही दिसला, जो तोवर अस्सल चुंबकत्वाची खूण समजला जाई. म्हणजे कसोटीच फितूर निघाली. ओगले त्याही निबंधाचे सहलेखक होते.

2009 मध्ये स्पॅनिश संशोधकांनी अशा चुकांच्या उगमांवरच आख्खा निबंध छापला. त्यात चिमटा होता, नमुना चिकटवायची टेपही होती.