कोड सर्किटचा, बदली सेन्सरची

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागणाऱ्या मालट्रकच्या धुराड्यात १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-सहा मानकं लागू झाल्यापासून, बरंच काही बदललं. काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला आणि त्याच्यावर नजर ठेवणारा प्रेशर सेन्सरही आला. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब दोन बारीक नळ्यांतून या सेन्सरपर्यंत पोचतो. काजळी साचेल तसा दोन्हींतला फरक वाढतो. त्यावरून इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो, की आता धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळायची. सेन्सरचं वाचन चुकलं, तर काजळी वेळेवर जळत नाही किंवा विनाकारण डिझेल जळतं. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली अशा जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना याचा फटका जास्त बसतो, कारण फौंड्रीतून मशीन शॉपपर्यंतच्या अंतरात धुराडं पुरेसं तापतच नाही.

चेक लाइट लागली, स्कॅनरवर पी २४५४ दिसलं, की बहुतेक ठिकाणी एकच निर्णय होतो: सेन्सर बदला. हा निर्णय घाईचा आहे. पी २४५२ ते पी २४५५ हे चारही कोड डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचे असले, तरी त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे. २४५४ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज फार कमी, २४५५ म्हणजे फार जास्त. २४५३ आला, तर वाचन इतर परिस्थितीशी पटत नाही. तिथे मीटर काढण्याआधी नळ्या पाहाव्यात. काजळीने बुजलेली, पाणी साचलेली किंवा उष्णतेने तडकलेली नळी चांगल्या सेन्सरलाही खोटं बोलायला लावते. कोड सांगतो तो सर्किटचा दोष. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, तशाच तीन तारा, कनेक्टर आणि ईसीयूही आहे.

कागलच्या मशीन शॉपमध्ये जॉब मापाबाहेर गेला, की चांगला ऑपरेटर टूल बदलण्याआधी बोअर गेज मास्टर रिंगवर लावून शून्य तपासतो. इथेही शून्य तपासता येतं. चावी चालू, इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखाच असतो, म्हणून फरक शून्य दिसायला हवा. अनेक सेन्सर त्या वेळी अर्धा ते एक व्होल्ट देतात. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. मग कनेक्टर काढून पुरवठ्याच्या पिनवर ५ व्होल्ट येतात का पाहावं. नसतील, तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. हे ५ व्होल्ट अनेकदा इतर सेन्सरनाही वाटून दिलेले असतात आणि भलताच एखादा सेन्सर शॉर्ट होऊन सगळ्यांचा पुरवठा पाडतो. पुरवठा ठीक असेल आणि कोड कमी व्होल्टेजचा असेल, तर डायग्राम पाहून सिग्नलची पिन फ्यूज लावलेल्या वायरने त्याच ५ व्होल्टला जोडावी. स्कॅनरवरचं वाचन टोकाला गेलं, तर तारा आणि ईसीयू शाबूत आहेत, दोष सेन्सरचाच. हललंच नाही, तर तार तुटली आहे, बॉडीला लागली आहे किंवा दोष ईसीयूत आहे. चुकूनही बॅटरीची १२ किंवा २४ व्होल्टची तार तिथे लावू नये. कोड जास्त व्होल्टेजचा असेल, तर आधी ग्राउंड तपासावं. नुसत्या बझरवर भरवसा ठेवू नये. दहातला एक तंतू शाबूत असला तरी बझर वाजतो.

यावर गाडीमालक म्हणेल, गाडी उभी राहिली की भाडं बुडतं, मीटर लावत बसण्यापेक्षा पार्ट टाका. भाडं बुडतं हे खरंच आहे. पण तारेचा दोष असताना नवा सेन्सर टाकला, की तोच कोड परत येतो आणि गाडी दुसऱ्यांदा उभी राहते. चांगला सेन्सर हाताशी असेल, तर लावून पाहायलाही हरकत नाही. मात्र कनेक्टर काढघाल करताना पिनवरचा हिरवट गंज घासला जाऊन कोड काही दिवस गायब होतो आणि जुना सेन्सर नाहक बदनाम होतो. कुणी त्याहून पुढे जाऊन फिल्टरच काढायला किंवा ईसीयूला फसवणारं यंत्र बसवायला सांगतो. तो सल्ला मुळीच मानू नये. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे, आणि कारखान्याच्या गेटवर चालू गाडीमागे उभा असणारा हमाल तोच धूर घेतो.

अडचण कौशल्याची कमी आणि हिशेबाची जास्त आहे. गॅरेजला पार्टवर पैसे सुटतात, शोधण्यावर सुटत नाहीत. १ जुलै २०२३ पासून डिझेल जनरेटरनाही सीपीसीबी-चार प्लस मानकं लागू झाली आहेत, तेव्हा सेन्सर आणि त्यांच्या तारा आता कारखान्याच्या आवारातही वाढत जाणार. म्हणून मालकांना एकच विनंती: तपासणीची मजुरी बिलात वेगळी मागा, ती खळखळ न करता द्या आणि कोणत्या पिनवर किती व्होल्ट मिळाले, ते त्याच बिलावर लिहून घ्या.