खाजेमागचं निकेल

एक ग्रॅम सोन्याचं मंगळसूत्र घातलं की काहींच्या मानेवर लाल चट्टा उठतो, खाज सुटते. घरात निदान ठरलेलं असतं: उष्णता, नाहीतर घाम. घामाचा हात असतोच, पण खरा गुन्हेगार बहुधा निकेल. मुलामा झिजला की खालच्या धातूतलं निकेल घामात विरघळून कातडीत शिरतं आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू म्हणून कायमचं लक्षात ठेवते. ‘इतकी वर्षं घालतेय, मग आताच कसं?’ ही शंका रास्त आहे. पण ही ॲलर्जी जन्मजात नसते, वारंवारच्या संपर्कातून ती कोणत्याही वयात जडू शकते. त्यात पुरळ बऱ्याचदा एकदोन दिवसांनी उठतं, म्हणून आळ साबणावर जातो.

मग निकेल असलेलं सगळंच टाकायचं का? नाही. स्टेनलेस स्टीलच्या अनेक प्रकारांत निकेल भरपूर असतं, तरी सुटतं फार थोडं. म्हणूनच डेन्मार्कने १९९०पासून आणि पुढे युरोपीय संघाने मर्यादा घातली ती सुटणाऱ्या निकेलवर: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. त्यानंतर कान टोचलेल्या तरुण डॅनिश मुलींमध्ये ही ॲलर्जी घटली. दुकानातली ‘स्किन फ्रेंडली’ची चिठ्ठी मात्र हा आकडा सांगत नाही.