ॲनिमे : आवड आणि पारख

एखाद्या कलेवर ज्याचें मनापासून प्रेम आहे त्यानें तिचे गुणदोष सांगावेत कीं सांगूं नयेत, हा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, प्रेमाला डोळे नसतात; तेव्हां चाहत्याची साक्ष परीक्षेच्या कामीं ग्राह्य धरूं नये. दुसरा पक्ष विचारतो, ज्याला गोडीच नाहीं त्याला चव ती काय कळणार? आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं काव्याच्या खऱ्या वाचकाला 'सहृदय' असें नांव दिलें. त्यांत हृदयाला पहिलें स्थान आहे. पण तें हृदय काव्याच्या अभ्यासानें आरशासारखें स्वच्छ झालेलें असावें अशी त्यांची अट होती. ही अट पाळणें किती अवघड आहे, आणि पाळली तर आनंद कसा वाढतो, हें मी आज एका अशा कलेच्या आधारें सांगणार आहें कीं जिची गणना पुष्कळ लोक अजून पोरखेळांत करितात. ती कला म्हणजे जपानी ॲनिमे. हीं चित्रें मीं अनेक वर्षें आवडीनें पाहिलीं आहेत आणि मित्रमंडळींत त्यांवर पुष्कळ वादहि घातले आहेत. रेडिओवरून चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां आपणांस वर्णनावरच भागवून घ्यावें लागेल.

'ॲनिमे' हा शब्द मूळचा जपानी नव्हे. इंग्रजी 'ॲनिमेशन' ह्या शब्दाचें जपानी लोकांनीं आपल्या जिभेच्या सोयीनें केलेलें तें लघुरूप आहे. जपानांत कोणत्याहि देशाच्या हलत्या रेखाचित्रांस ॲनिमे म्हणतात. बाहेरच्या जगांत मात्र तो शब्द जपानी चित्रांपुरताच रूढ झाला आहे. आपल्याकडील पुष्कळ घरांत ही कला नांव न सांगतां शिरली. १९९३ सालीं दूरदर्शनवर हिंदींतून दाखविली गेलेली मोगलीची मालिका अनेकांस आठवत असेल. कथा किप्लिंगची, अरण्य मध्यप्रदेशांतलें, आणि चित्रें मात्र जपानांत काढलेलीं! ज्या मुलांनीं ती पाहिली त्यांतल्या बहुतेकांस आपण जपानी कलेचे प्रेक्षक झालों आहोंत ह्याची गंधवार्ताहि नव्हती. युगो साको ह्यांनीं मुंबईचे राम मोहन ह्यांच्या सहकार्यानें रामकथेवर केलेला चित्रपटहि त्याच सुमारास पुरा झाला. तो २०२५ च्या जानेवारींत आपल्याकडील चित्रपटगृहांतून नव्यानें लागला.

वस्तूची पारख करावयाची तर ती कशी घडते हें प्रथम ठाऊक पाहिजे. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठीं निराळें चित्र काढावयाचें म्हटलें तर वीस मिनिटांच्या खेळाला २८,८०० चित्रें लागतील. म्हणून एकच चित्र दोन किंवा तीन चौकटींपर्यंत ठेवतात. म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रांत काम भागतें. हालचालीचे मुख्य टप्पे रेखाटणारा कलावंत निराळा, आणि त्या टप्प्यांच्या मधलीं चित्रें भरणारा निराळा. पहिल्याच्या कामाला जपानींत 'गेन्गा' म्हणतात व दुसऱ्याच्या कामाला 'दोगा'.

नवख्या प्रेक्षकाची पहिली तक्रार अशी असते कीं, ह्या चित्रांतलीं माणसें नुसतीं उभीं राहतात, ओठ तेवढे हलतात, आणि डिस्नेच्या चित्रांतला अंगाचा लवचिकपणा येथें नाहीं. तक्रार बऱ्याच अंशीं खरी आहे, पण तिचें मूळ पाहिलें पाहिजे. वैद्यकाचें शिक्षण घेऊन चित्रकथाकार झालेले ओसामु तेझुका ह्यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग द्यावयाचा, ही गोष्ट त्या काळीं जवळजवळ अशक्य वाटत होती. तेझुका ह्यांनीं युक्त्या योजिल्या. बोलतांना तोंड तेवढें हलवावयाचें. धांवणाऱ्या माणसाऐवजीं मागचा देखावा सरकवावयाचा. एकदां काढलेलीं चित्रें सांठवून पुन्हां पुन्हां वापरावयाचीं. आणि ऐन भावनेच्या क्षणीं चित्र स्तब्धच ठेवावयाचें. शिवाय मालिका त्यांनीं खर्चाहून कमी किंमतीस विकली. ती १९६६ च्या अखेरपर्यंत चालली, तिचे १९३ भाग झाले, आणि सगळ्या धंद्याला तेंच वळण लागलें. त्या वळणाची किंमत पुढें कोणी भरली, तर मधलीं चित्रें काढणाऱ्या, चित्रागणिक तुटपुंजा मोबदला घेणाऱ्या तरुण मंडळींनीं.

तेझुका १९८९ सालीं वारले. चहूंकडे शोक होत असतां हायाओ मियाझाकी ह्यांनीं उघड लिहिलें कीं, चित्रकथाकार म्हणून तेझुकांचा मोठेपणा आपणांस मान्य आहे, परंतु ॲनिमेच्या क्षेत्रांत त्यांनीं जें केलें तें आपणांस पटत नाहीं. मियाझाकी स्वतः तेझुकांच्या चित्रकथांच्या प्रभावाखालीं वाढले होते. मृताविषयीं असें लिहिणें पुष्कळांस रुचलें नसेल. मला मात्र त्यांत आदरच दिसतो. ज्याच्याकडून शिकलों त्याच्या कामाचा हिशेब चोख ठेवणें ही गुरुदक्षिणाच आहे.

मग स्थिर चित्र म्हणजे सदोष चित्र असा नियम करावा काय? तसेंहि नाहीं. हिदेआकी आन्नो ह्यांच्या १९९५-९६ मधील 'एव्हान्गेलिऑन' ह्या मालिकेच्या बाविसाव्या भागांत, जिचें एकमेकींशीं मुळींच पटत नाहीं अशी दोन मुलींची जोडी एका लिफ्टमध्यें उभी आहे. जवळजवळ मिनिटभर कांहींहि हलत नाहीं. यंत्राचा आवाज तेवढा ऐकूं येतो. पाहणारा अवघडतो, आणि तें अवघडलेपण त्या दोघींमधलेंच असतें. त्याच मालिकेच्या शेवटच्या दोन भागांवरून चाहत्यांत उभे तट पडले, कारण तेथें कथानक बाजूला राहून स्थिर चित्रें, रेखाटनें आणि निवेदन ह्यांवरच भिस्त आहे. माझ्या मतें पंचविसावा भाग सांगतो फार आणि दाखवितो थोडें. सव्विसाव्यांत मात्र एक अपूर्व जागा आहे. कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर एकटा मुलगा तरंगत असतो. मग एक आडवी रेघ येते, ती जमीन ठरते. मुलाचें स्वातंत्र्य तेवढ्यानें कमी होतें, पण पाय टेकावयास जागा मिळते. येथें चार रेघांत जें साधलें तें हजार चित्रांनीं साधलें नसतें. म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारतों : हें चित्र हललें असतें तर अधिक कांहीं सांगून गेलें असतें काय? उत्तर 'होय' आलें तर ती काटकसर. 'नाहीं' आलें तर ती कला. अडचण कोठून आली हें समजून घ्यावें. पण अडचण समजली म्हणून उणीव नाहींशी होत नाहीं.

रेषेनंतर आशयाकडे वळूं. १९४५ च्या एप्रिलांत, महायुद्ध संपत आलें असतां, जपानी आरमाराच्या आश्रयानें 'मोमोतारो, उमि नो शिन्पेइ' हा चित्रपट प्रसिद्ध झाला. मित्सुयो सेओ ह्यांचा हा ७४ मिनिटांचा पट जपानांतील पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेपट होय. पीच फळांतून जन्मलेला लोककथेंतील वीर मोमोतारो त्यांत सेनापति आहे, आणि माकड, कुत्रा, अस्वल हे त्याचे सैनिक. दक्षिणेकडील एका बेटावरच्या रानटी प्राण्यांना हे सैनिक गाण्यांतून जपानी मुळाक्षरें शिकवितात. गाणें कानाला गोड आहे, प्राण्यांच्या हालचाली मन मोहून टाकणाऱ्या आहेत; आणि तो सारा प्रसंग जिंकलेल्या प्रजेच्या तोंडीं आपली भाषा घालण्याचा आहे. जेथें दीड शतक परकीय सत्तेची शाळा भरली त्या देशांतील प्रेक्षकाला हें सांगावें लागूं नये. सोळा वर्षांच्या तेझुकांनीं ओसाकांत हाच चित्रपट पाहिला, आणि आपणहि असें चित्र काढावयाचें असा ध्यास घेतला. युद्धानंतर नष्ट झाला असें मानलेला हा पट १९८३ सालीं पुन्हां हातीं आला. त्यांतील कौशल्याला दाद द्यावी कीं हेतूचा धिक्कार करावा? मला वाटतें, दोन्ही एकाच श्वासांत केलीं पाहिजेत. गाणें गोड आहे म्हणूनच तें अधिक घातक आहे, हें ज्याला त्याची गोडी लागली तोच नीट सांगूं शकेल. केवळ तिटकारा बाळगणाऱ्याला तो चित्रपट प्रभावी कां झाला हेंच कळणार नाहीं.

युद्धाकडे अगदीं निराळ्या बाजूनें पाहणारा चित्रपट म्हणजे इसाओ ताकाहाता ह्यांचा 'होतारु नो हाका', अर्थात् काजव्यांचें थडगें. तो १६ एप्रिल १९८८ रोजीं, मियाझाकींच्या 'तोनारि नो तोतोरो' ह्या आनंदी चित्रपटाच्या जोडीला प्रदर्शित झाला. कोबे शहरावरील अग्निवर्षावांत आई गेलेला चौदा वर्षांचा सेइता व त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको एका नातलग बाईच्या घरीं आश्रयास जातात. बाई टोमणे मारते; मुलगा मानी; बहिणीला घेऊन तो ओसाड आसऱ्यांत वेगळें बिऱ्हाड करितो, आणि दोघेंहि उपासमारीनें मरतात. ह्या चित्रपटानें डोळे ओले झाले नाहींत असा प्रेक्षक विरळा. पुष्कळ जण त्याला युद्धविरोधी चित्रपट म्हणतात. ताकाहाता ह्यांनीं मात्र तें वर्णन नाकारलें. ते स्वतः नऊ वर्षांचे असतांना ओकायामावरील बॉम्बहल्ल्यांतून वांचले होते. तेव्हां त्यांचा शब्द हलका नाहीं. तरुणपणीं पाहणाऱ्याला ती बाई राक्षसीण वाटते. संसाराचा भार वाहिलेल्या माणसाला तीच बाई मोजक्या तांदळांत घर चालवितांना दिसते, आणि बँकेंत आईचे पैसे शिल्लक असतां कोणापुढें वाकावयास तयार नसलेला सेइताहि दिसूं लागतो. दिग्दर्शक कोणालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करीत नाहीं. येथें चाहत्यानें एक गोष्ट लक्षांत ठेवावी : आपले अश्रु ही कृतीच्या सामर्थ्याची साक्ष आहे, तिच्या अर्थाची नव्हे. अर्थासाठीं डोळे पुसून दुसऱ्यांदा पाहावें लागतें.

आतां दोषांविषयीं. चाहत्याला जे दोष सर्वांत आधीं दिसतात ते तो सर्वांत शेवटीं बोलतो. मासिकांतून चालू असलेल्या चित्रकथेवरून मालिका काढली, आणि मालिकेनें मूळ कथेला गांठलें, कीं कांहीं तरी भर घालून आठवडे ढकलले जातात. हा दोष आम्ही हंसून सोडून देतों. पण शाळकरी वयाच्या मुलींचें लंपट दृष्टीनें केलेलें चित्रण ज्या मालिकांत आढळतें, त्यांचें समर्थन 'तिकडची रीतच तशी' एवढ्यावर करणें मला मान्य नाहीं. जपानांतील सर्व चित्रें तशीं नाहींत. त्याच देशानें 'तोतोरो'मधील दोन बहिणी इतक्या निर्मळ नजरेनें रंगविल्या आहेत. म्हणजे दोष रीतीचा नाहीं, निवडीचा आहे. आणि निवडीला जाब विचारतां येतो. बाहेरच्यानें तो विचारला तर त्याला अडाणी म्हणून झटकतां येतें. आंतल्यानें विचारला तर ऐकावें लागतें.

आणि चाहत्यांचें ऐकलें जातें, ह्याला इतिहास साक्षी आहे. १९७४ मधील 'उचू सेन्कान यामातो' ही मालिका प्रेक्षकांअभावीं योजनेपेक्षां लौकर, २६ भागांत आटोपावी लागली. १९७९ मधील 'गुंदाम' ५२ भागांची ठरली होती, ती ४३ भागांवर थांबली. दोन्ही पुन्हां दाखविल्या गेल्या तेव्हां तरुण चाहत्यांनीं त्या उचलून धरल्या, चित्रपटगृहांपुढें रांगा लावल्या, आणि आज त्या दोन्ही ह्या कलेचे मानदंड समजल्या जातात. ह्या चाहत्यांना पुढें 'ओताकु' हें नांव पडलें. मूळ शब्द 'आपलें घर' अशा अर्थाचा, समोरच्याला अदबीनें संबोधण्याचा. १९८३ सालीं एका लेखकानें तो कुचेष्टेनें लावला, आणि तो चिकटला. कुचेष्टेला थोडें कारणहि होतें. चाहत्याला कधीं कधीं वाटूं लागतें कीं कृति आपल्याच मालकीची आहे आणि कर्ता आपला चाकर आहे. आपल्या रंगभूमीवर 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांनीं गायक नटाला छळणारा प्रेक्षक ह्याच जातीचा.

ह्या मालकीहक्कावर उतारा म्हणजे श्रेयनामावळी वाचणें. जाणते चाहते हालचालीच्या ढबीवरून रेखाटणारा हात ओळखतात. योशिनोरी कानादा ह्यांच्या फेकलेल्या, ताणलेल्या आकृति त्यांना लांबून ओळखूं येत. हा छंद वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्यांतून एक गोष्ट अंगीं बाणते : प्रत्येक रेघेमागें एक माणूस बसलेला आहे. १८ जुलै २०१९ रोजीं क्योतो ॲनिमेशनच्या चित्रशाळेला एका माणसानें आग लावली आणि ३६ जण मृत्युमुखीं पडले. त्यांत 'आकिरा'सारख्या चित्रपटांत हात असलेले व पुढें अनेक तरुणांना घडविणारे योशिजी किगामीहि होते. ज्यांनीं नांवें वाचलीं होतीं त्यांना त्या दिवशीं नेमकें काय गेलें तें कळलें. इतरांना आंकडा तेवढा कळला.

म्हणून मी परीक्षण करितांना चार गोष्टी पाळतों. आवडलें कीं नाहीं हें आधीं सांगून टाकतों, म्हणजे तें पुढें युक्तिवादाच्या वेषांत डोकावत नाहीं. दोष सांगावयाचा तर पडद्यावरचा अमुक प्रसंग असें बोट ठेवून सांगतों. कर्त्याचें म्हणणें ऐकतों, पण तेंच शेवटचें मानीत नाहीं. आणि लिहिलेलें वाक्य त्या चित्रामागच्या माणसासमोर उभें राहून वाचतां येईल काय, हें तपासतों. कठोर वाक्यहि ह्या कसोटीला उतरतें. निष्ठुर वाक्य उतरत नाहीं. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं मुलें हीं चित्रें पाहत असतील तर त्यांना 'हें काय पाहतां?' असें दरडावण्याऐवजीं 'ह्यांत काय आवडलें, आणि काय खटकलें?' असें विचारून पाहावें. पहिल्या प्रश्नानें पोर मुकें होतें. दुसऱ्यानें तें विचार करूं लागतें, आणि विचार करावयास लागलेला चाहता कोणत्याहि कलेला हवाच असतो.