माहिती चौकट : पाण्यावरील दूरनियंत्रित विमान

व्याख्या : ज्याचे एकूण वजन २५ किलोग्रॅमहून अधिक नाही, जे केवळ शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी वा मनोरंजन यांकरिता योजिले जाते आणि जे चालकाच्या नजरेच्या टप्प्यातच उडते, ते विमान ड्रोन नियम, २०२१ अन्वये ‘मॉडेल’ होय.

उंची : हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीची जरुरी नाही, नकाशा ‘डिजिटल स्काय’वर.

जागा : राळेगाव तालुक्याच्या हद्दीवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पात्रापेक्षा संथ तलाव बरा, वाहते पाणी बंद पडलेले विमान हातोहात दूर नेते.

जीपीएस : स्थाननिश्चितीस किमान ४ उपग्रह लागतात. यंत्र दाखविते तो जमिनीसापेक्ष वेग. पंखांना तोलून धरतो तो हवेसापेक्ष वेग. म्हणूनच पाठवाऱ्यात पडद्यावरील आकडा भरघोस दिसत असताही विमान गळून पडण्याच्या बेतात असू शकते. उंचीचा आकडा स्थानाच्या आकड्याहून कमी भरवशाचा.

फ्लोट : तळाची पायरी गुरुत्वमध्याच्या किंचित मागे; उड्डाण व अवतरण वाऱ्याला सामोरे.

बुडाल्यास : २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात जवळजवळ तत्काळ विरतात. विमान आणावयास नाव व जीवरक्षक जाकीट. पोहत जाणे वर्ज्य.