प्रेषित, मिशनरी, सुवार्तिक : फरक नेमका कशात?

चर्चमध्ये काम करणाऱ्या कुणालाही आपल्याकडे सरसकट 'मिशनरी' म्हणतात. तसं का म्हणू नये, ते आज पाहू. बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांना उदाहरणासाठी लांब जायला नको. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

पहिला शब्द 'प्रेषित'. मूळ ग्रीक शब्द 'अपोस्तोलोस', म्हणजे पाठवलेला. मराठीत 'प्रेषित मुहम्मद' असंही म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. ख्रिस्ती मराठीत देवाचा संदेश सांगणारा तो 'संदेष्टा'. यशया, यिर्मया हे संदेष्टे. प्रेषित म्हणजे मुख्यतः येशूनं निवडलेले बारा जण. यहूदाची जागा रिकामी झाली, तेव्हा अट काय होती? तो माणूस सुरुवातीपासून येशूबरोबर असलेला हवा आणि पुनरुत्थानाचा साक्षीदार हवा. चिठ्ठी मत्थियाच्या नावानं निघाली. पुढे पौलानंही स्वतःला प्रेषित म्हटलं, पण पुनरुत्थित येशूचं दर्शन झालं याच आधारावर. ही अट आज कोण पुरी करणार? म्हणून कॅथलिक चर्चमध्ये बिशप प्रेषितांचे वारसदार मानले जातात, पण ते स्वतःला प्रेषित म्हणवत नाहीत.

दुसरा शब्द 'मिशनरी'. हा लॅटिनमधून आला. गंमत म्हणजे याचाही अर्थ 'पाठवलेला' असाच. पण बायबलमधल्या पदांच्या यादीत तो नाही. एखादी मंडळी किंवा संस्था माणसाला आपल्या मुलखाबाहेर, परक्या भाषेत पाठवते, तो मिशनरी. मिनी अब्राम्स 1887 मध्ये अमेरिकेतून भारतात आल्या, पुढे मुक्तीत रमाबाईंबरोबर काम केलं. त्या मिशनरी.

तिसरा 'सुवार्तिक'. सुवार्ता, म्हणजे शुभवर्तमान, सांगणारा. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. बायबलमध्ये फिलिप्पाला सुवार्तिक म्हटलंय. मत्तय, मार्क, लूक, योहान यांनाही इंग्रजीत हाच शब्द लावतात; मराठीत ते 'शुभवर्तमानकार'. 1905 मध्ये मुक्तीतल्या मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जात. त्या मराठी बोलणाऱ्या, याच मातीतल्या. त्यांचं काम सुवार्तिकेचं. आणि सुवार्ता ऐकून जमलेल्या माणसांना वर्षानुवर्षं सांभाळतो, तो 'पाळक'.

मग रमाबाई कोण? पाळकपदाची दीक्षा त्यांना नव्हती. कुणी परदेशातून पाठवलेल्याही नव्हत्या, त्या इथल्याच. त्यांनी निराधार स्त्रियांना आसरा दिला, शिकवलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक अशी यादी आहे. तिच्यातला 'शिक्षक' हा शब्द त्यांना जास्त शोभतो. म्हणजे संस्थेच्या नावात 'मिशन' असलं, तरी तिथला प्रत्येक जण मिशनरी होत नाही.

आता एवढा काथ्याकूट कशासाठी? दोन कारणं. इथल्या सुवार्तिकाला किंवा पाळकाला 'मिशनरी' म्हटलं, की नकळत तो बाहेरून आलेला ठरतो. त्याची भाषा, त्याचं गाव पुसलं जातं. दुसरं कारण घरातलं आहे. आज काही स्वतंत्र मंडळ्यांत नावापुढे 'अपॉस्टल' लावतात. त्यांची भूमिका अशी, की हे दान आजही चालू आहे आणि नव्या मंडळ्या उभारणारा तो प्रेषित. जुन्या चर्चना हे मान्य नाही. मतभेद असू द्या. पण पदवीच्या जोरावर कुणी 'माझा शब्द तो देवाचा शब्द' म्हणू लागला, तर विचारायला हवं: तुम्हाला कुणी पाठवलं? कशासाठी? आणि तुम्ही हिशेब कुणाला देता?

हे विचारणं उद्धटपणा नाही. पौलालाही आपल्या प्रेषितपणाबद्दल करिंथच्या मंडळीला उत्तर द्यावं लागलं होतं, आणि त्यानं ते दिलं.