जुन्या पिकअपला कोणता गिअर बसवावा?

साठ-सत्तरच्या दशकातले शेवरले सी-१० किंवा फोर्ड एफ-१०० हे पिकअप ट्रक अमेरिकेत आजही हौसेने जपले जातात. कडबा, सिमेंट, लाकूड वाहायचं आणि जवळपासच फिरायचं, अशा कामासाठी बांधलेल्या या गाड्या. त्यामुळे मागच्या ॲक्सलमध्ये बऱ्याचदा ३.७३ किंवा ४.१० रेशोचं क्राउन-पिनियन असतं. ४.१० म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्टला चार फेऱ्यांहून थोडं जास्त फिरावं लागतं. १९७४ साली तिथे देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, तेव्हा हे चालून गेलं. ती मर्यादा १९९५ मध्ये उठली. आज टेक्सासच्या महामार्गावर ७५ मैलांनी, म्हणजे १२० किलोमीटरने वाहतूक पळते. तिथे २८ इंची टायर आणि ४.१०चा ॲक्सल असलेली गाडी टॉपला घातली, की इंजिन मिनिटाला जवळजवळ ३,७०० फेरे करतं. मालक वैतागतो, गिअर बदलायचं ठरवतो आणि ज्याला विचारावं तो वेगळा आकडा सांगतो.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज असा: ॲक्सलचा आकडा जितका मोठा, तितकी गाडी दमदार.

इंजिनाची ताकद ॲक्सल बदलून वाढत नाही. गाडी जागेवरून किती जोरात सुटेल हे पहिला गिअर आणि ॲक्सल यांच्या गुणाकारावर ठरतं. जनरल मोटर्सचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक, टर्बो ३५०, घ्या. त्याचा पहिला गिअर २.५२. मागे ३.७३ असेल तर गुणाकार येतो ९.४०. आता त्याच कंपनीचा १९८२ मध्ये आलेला चार गिअरचा ७००आर४ बसवा. त्याचा पहिला गिअर ३.०६ आहे, म्हणून मागे नुसता ३.०८ असला तरी गुणाकार ९.४२ होतो. टॉर्क कन्व्हर्टर सारखाच धरला, तर सुटताना दोन्ही गाड्यांचा जोर सारखाच. पण ७००आर४चा चौथा गिअर ०.७०चा ओव्हरड्राइव्ह आहे. १२० किलोमीटरला पहिली गाडी ३,३५० फेऱ्यांवर असेल तेव्हा दुसरी १,९५० फेऱ्यांवर असेल. ॲक्सलचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. टायर, गिअरबॉक्स आणि ॲक्सल हे तिन्ही मिळून एकच गणित आहे, आणि त्याचं उत्तर म्हणजे आपल्या नेहमीच्या वेगाला इंजिनाचे किती फेरे होतात.

हे पटलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो: फेरे जितके कमी, तितकं पेट्रोल कमी.

वरची ३.०८ची गाडी १०० किलोमीटरला जेमतेम १,६०० फेऱ्यांवर येते. पिकअपचं तोंड चौकोनी आणि मागचा हौदा उघडा, त्यामुळे वारा भरपूर अडतो. जरा चढ लागला की इंजिन दबतं आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड पडतो. इथे कार्बोरेटरच्या आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. होली कार्बोरेटरमध्ये पॉवर व्हॉल्व्ह असते. तिच्यावर ६५ हा आकडा असेल, तर इंजिनाचा व्हॅक्यूम ६.५ इंच पाऱ्याच्या खाली गेला की ती उघडते आणि जादा पेट्रोल सोडते. कमी फेऱ्यांवर जोर लावणाऱ्या इंजिनाचा व्हॅक्यूम असाच खाली जातो. वर गिअरबॉक्स सारखा तिसऱ्या-चौथ्यात ये-जा करतो आणि तापतो. माझ्या मते ३५० घन इंचांचं व्ही-८ इंजिन, २८ इंची टायर आणि हलकं ओझं असेल तर ७००आर४ला ३.७३ चांगला जुळतो: १२० किलोमीटरला सुमारे २,३५० फेरे. ट्रेलर ओढायचा असेल तर ४.१० राहू द्यावा. तरीही ओव्हरड्राइव्हमध्ये फेरे २,६००च्या आतच राहतात.

आपल्या गाडीला चार गिअर आहेत, म्हणजे ओव्हरड्राइव्ह आहेच, असंही पुष्कळांना वाटतं. जुन्या शेवरलेतला एसएम४६५ हा चार गिअरचा मॅन्युअल, पण चौथा गिअर सरळ एकास एक. पहिला ६.५५चा, भरली गाडी चिखलातून काढायला उपयोगी; रस्त्यावर लोक दुसऱ्यातच सुटतात. लांबच्या प्रवासाला मॅन्युअलच हवा असेल तर पाच गिअरचा एनव्ही४५०० बघावा. त्याचा पाचवा ०.७३ आहे. मात्र तो ओतीव लोखंडाचा, वजनदार डबा आहे.

आणि ७००आर४ तकलादू असतो, ही समजूत. सुरुवातीचे डबे नाजूक होते खरे, १९८७च्या सुमारास ते सुधारले. पण जुन्या गाडीत बसवल्यावर जे जळतात, त्यातले बरेच एका केबलमुळे जळतात. कार्बोरेटरपासून डब्यात जाणारी ही टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल ऑइलचा दाब ठरवते. ती सैल राहिली की दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि तिसऱ्या-चौथ्याच्या प्लेटा थोड्याच अंतरात करपतात. टर्बो ३५०ची किकडाउन केबल निघाली तरी तो चालत राहतो, म्हणून लोक हिलाही तशीच समजतात. केबलची जोडणी कार्बोरेटरवर योग्य कोनात बसवून आणि दाब गेजवर तपासूनच गाडी रस्त्यावर काढावी.

टायर मोठे घातले तर फक्त दिसण्यात फरक पडतो, हेही खरं नाही. २८ इंचांऐवजी ३३ इंची टायर घातले की ४.१०चा ॲक्सल ३.४८ असल्यासारखा वागतो, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

काही विकत घेण्याआधी आपल्या ॲक्सलमध्ये काय आहे ते मोजावं. पन्नास वर्षांत कोणी काय बदललं असेल याचा नेम नसतो, त्यामुळे कागदावर विसंबू नये. साधा डिफरन्शियल असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, मागचं एकच चाक जॅकवर उचलावं, खाली स्टँड द्यावा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारून ते चाक बरोबर दोन फेरे फिरवावं. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्याने दोन फेऱ्यांत क्राउन एकदाच फिरतो. तेवढ्यात शाफ्टचे पावणेचारच्या जरा आत फेरे झाले तर ३.७३, चारच्या थोडे पुढे गेले तर ४.१०. कव्हर उघडलंच, तर दात मोजावेत: क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ११ म्हणजे ३.७३, ४१ आणि १० म्हणजे ४.१०.

नवीन जोडी बसवणं हे नट-बोल्टचं काम समजू नये. क्राउन आणि पिनियन एकमेकांशी घासून जुळवलेले असतात, जोडी फोडायची नाही. पिनियनची खोली शिम घालून साधावी लागते, दातांमधली ढील साधारण ०.००६ ते ०.०१० इंचांत आणावी लागते, रंग लावून दातांवरचा ठसा तपासावा लागतो. यात चूक झाली तर ॲक्सल हुंकारत राहतो आणि दात लवकर जातात. काही ॲक्सलना ठरावीक रेशोनंतर आतला कॅरियरही बदलावा लागतो: डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक, ३.९२ पासून दुसरा. फोर्डच्या ९ इंची ॲक्सलचं सुख वेगळं, तिथे आतला पूर्ण गोळा पुढून बाहेर येतो आणि टेबलावर जुळवता येतो. गाडी फोर-बाय-फोर असेल तर पुढच्या ॲक्सलचा रेशोही मागच्याइतकाच करावा लागतो, तेव्हा खर्च धरताना दोन ॲक्सलांचा धरावा आणि स्पीडोमीटरचा छोटा गिअर त्याच वेळी बदलून घ्यावा.